विहिरीकडची खिडकी

हिरवं बटण अंगठ्याखाली आत जातं, पुन्हा वर येतं — टक्... टक् — मधोमध रंग उडालेला, कडेला मात्र अजून कच्च्या कैरीसारखा हिरवा, आणि मागे एक गंजकी स्प्रिंग... विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर भंगारात गेला तेव्हा शेफालीने एवढंच काढून घेतलं होतं. लाल बटण नको म्हणाली होती, कारण लाल दाबलं की पाणी थांबायचं. तेव्हापासून ते तिच्या टेबलावर आहे. आई धूळ पुसताना दर वेळी विचारते, हे टाकू का गं, आणि दर वेळी ती म्हणते, राहू दे.

आज ते डाव्या हातात आहे आणि उजवा हात लॅपटॉपवर. पडद्यावर एक पांढरा चौकोन, त्यात एक उभी रेघ लुकलुकते आहे, केव्हाची, अगदी चिकाटीने. चौकोनाच्या वर बंगळुरूच्या त्या विद्यापीठाने इंग्रजीत, फार नम्रपणे विचारलं आहे — मध्येच शाळा बदलली असेल, सुरुवातीच्या वर्षांत गुण कमी असतील, तर त्यामागची परिस्थिती आम्हाला समजावून सांगा. अडीचशे शब्दांत. आज संध्याकाळपर्यंत.

परिस्थिती! काय पण शब्द शोधलाय. आठवीत शाळा बदलली, आठवी-नववीत गणितात जेमतेम पास, विज्ञानात तेच, आणि दहावीपासून एकदम नव्वदच्या वर — असली गुणपत्रिका पाहून कुणीही विचारणारच की बाई, मध्ये झालं तरी काय? आणि शेफालीला जायचंय तिकडे, अगदी मनापासून जायचंय. भूगोल शिकायचाय, घरापासून लांब, जिथे खिडकीबाहेर काय आहे हे तिला आधीपासून ठाऊक नसेल अशा ठिकाणी. हा चौकोन पटला तर मुलाखतीला बोलावतील. नाही पटला तर ते जुने आकडेच काय ते बोलतील तिच्याबद्दल. शाळेत कॉलेजच्या अर्जांचं सगळं निकिता मॅडम पाहतात, त्यांनी स्पष्ट सांगितलंय, "रिकामा सोडलास तर ते स्वतःच काहीतरी समजून घेतील. आणि ते चांगलं नसतं."

निकिता मॅडम चांगल्या आहेत हो. त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतः एक मसुदासुद्धा करून पाठवला — एका गरीब शेतकरी कुटुंबातून आलेली, संघर्ष करत शिकणारी मुलगी... शेफालीने तो वाचला आणि खिडकीतून खाली पाहिलं. खाली पोर्चमध्ये गरीब शेतकरी कुटुंबाची भलीमोठी पांढरी गाडी उभी होती, कालच धुतलेली. मग मॅडम फोनवर म्हणाल्या, इंग्रजीचं अवघड गेलं असं लिहूया का? पण गावातली शाळाही इंग्रजीच होती, आणि इंग्रजीत तर बरे मार्क होते. मग मॅडमनी आवाज उतरवला — "घरात काही... म्हणजे तुला सांगायचं नसेल तर नको..." घरात? घरात काहीसुद्धा नव्हतं. सगळे मजेत होते. त्याच वर्षी बंगला झाला, वास्तुशांतीला अख्खं गाव जेवून गेलं. आपल्याकडे एक साधं दुःखही असू नये याची शेफालीला त्या क्षणी चक्क लाज वाटली.

"डेंग्यू लिही," रविराज म्हणाला. तिचा चुलतभाऊ, तिच्याच बरोबर नव्या शाळेत गेलेला, दोन वर्षं पुढे, आता कॉलेजात. सकाळी पोहे खाता खाता त्याने प्रश्न निकालात काढला. "पुण्यात डेंग्यूवर कुणी शंका घेत नाही."

"दोन वर्षं डेंग्यू?" आईने विचारलं.

"मग दोनदा झाला लिही."

"त्यापेक्षा खरं लिही ना शेफाली. लक्ष नव्हतं तुझं."

"आई, ते कारण नाही, ती तक्रार आहे."

आई हसली आणि तिच्या बशीत आणखी पोहे वाढून गेली. पण ते वाक्य बशीच्या कडेला राहिलं, कढीपत्त्यासारखं. लक्ष नव्हतं. मग होतं कुठे? इतकं मोठं दोन वर्षांचं लक्ष — ते काही हवेत तर गेलं नसेल ना... आणि खरं सांगायचं तर, शेफालीच्या मनात आलं, मला माहीत आहे ते कुठे होतं. पण ते बंगळुरूच्या लोकांना कसं सांगणार?

ती शाळा आमच्या रानात आहे.

रान म्हणजे काही जंगल नव्हे, आमच्याकडे शेताला रान म्हणतात. हडपसरच्या पुढचं हे गाव महापालिकेत आलं, भोवताली टॉवर उठले, आणि आबांनी — दत्तोबा, शेफालीचे आजोबा — विहिरीचं रान विकायला काढलं तेव्हा बिल्डर जास्त द्यायला तयार होता. पण आबा हटून बसले की देईन तर शाळेला देईन. आणि दोन अटी घातल्या. एक, कोपऱ्यावरचा म्हसोबा जागचा हलवायचा नाही आणि दर अमावास्येला नारळ फोडायला मला आत सोडायचं. दोन, माझ्या दोन नातवंडांना तिथे घ्यायचं, बारावीपर्यंत. पुढे कितीतरी दिवस रविराज सगळ्यांना सांगत फिरायचा, आम्ही दोघं सातबाऱ्यावर आहोत म्हणून.

पहिल्या दिवशी शेफाली रडकुंडीला आली होती. नवा गणवेश, टाय, ओळखीचं कुणी नाही. आबा फाटकापर्यंत सोडायला आले होते, स्वच्छ धोतर-टोपीत, आणि त्यांना खरोखरच कळेना की पोरगी घाबरते कशाला. "आगं, आपल्याच रानात जायचंय," ते म्हणाले. "भ्यायचं काय त्यात?" तिला ते पटलंही. इथेच तर सगळा घोटाळा झाला. बाकीची मुलं नव्या शाळेत गेली — तिला नव्या ठिकाणी जाताच आलं नाही.

आठवी-नववी दोन्ही वर्षं तोच वर्ग, पहिल्या मजल्यावर. खिडकीजवळचा बाक. बाहेर खाली बास्केटबॉलचं कोर्ट, तांबडं-निळं, आणि त्या कोर्टाच्या खाली — अगदी त्या पांढऱ्या वर्तुळाच्या थोडं अलीकडे — विहीर. बुजवलेली, पण तिथेच. पलीकडे कँटीन, म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, जिथून पहाटे टेंपो भरून मार्केट यार्डात जायचा आणि सगळ्या घराला दुपारपर्यंत ओल्या कोथिंबिरीचा वास यायचा. प्रयोगशाळेखाली कडब्याची गंज. आणि आपण आत्ता बसलोय तो पहिला मजला म्हणजे — तिने एकदा नीट हिशेब लावला होता — इथल्या जुन्या, तोडलेल्या उंबराचा शेंडा. ज्या उंचीकडे फक्त मान वर करून बघायचं, त्या उंचीवर बाक टाकून बसायचं आणि वर बीजगणित शिकायचं... सर फळ्यावर क्ष लिहायचे, क्ष ची किंमत काढा म्हणायचे, आणि तिला खाली पाटातून पाणी वळताना ऐकू यायचं. खोटं नाही. सुरुवातीला नुसता सळसळाट, मग माती भिजल्याचा तो बारीक फुसफुस आवाज, मग शांत. पाणी वाफ्यात पोचलं की आवाज बंद होतो. तेवढ्यात सर म्हणायचे, शेफाली, उत्तर? आणि ती उभी राहायची, पायाखाली उंबराची फांदी असल्यासारखी, जपून.

रविराजला यातलं काही झालं नाही. तो पहिल्याच आठवड्यात त्याच कोर्टवर, त्याच विहिरीवर, बास्केटबॉल खेळायला लागला, आणि चांगला खेळायचा. एकदा तिने त्याला विचारलं, तुला काही वाटत नाही? "वाटतं ना," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात बॉल जरा कमी उसळतो."

तर हे लिहायचं का? आदरणीय महोदय, माझ्या वर्गाखाली उंबर होता...

आणि त्यात आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगताना आवाज बदलेल अशी भीती वाटायची. त्या वर्गात दर महिन्याला सगळ्यांच्या जागा बदलायच्या. बाई यादी घेऊन यायच्या, मुलं दप्तरं उचलायची, एकच गोंधळ, नव्या जोड्या, नव्या मैत्रिणी, पुढचे मागे, मागचे पुढे... आणि शेफाली तिथेच. तिचं नाव यादीत यायचंच नाही. पहिल्यांदा ती दप्तर भरून उभी राहिली होती. बाई म्हणाल्या, तू बस, तू तिथेच. दुसऱ्यांदाही उभी राहिली. मग उभं राहणं सोडून दिलं. शेजारी बसणारी प्रत्येक मुलगी महिन्याची पाहुणी. ओळख व्हायच्या आत उठून जायची. दोन वर्षं. मी कुणाच्या खिजगणतीतच नाही, असं तिला वाटायचं — असं नव्हे, तिला ते माहीतच होतं, जसं स्वतःचं नाव माहीत असतं. आबांनी जमिनीबरोबर दिलेली मुलगी. ठेवली आहे एका जागी, खिडकीशी. मग दहावीचा वर्ग मागच्या इमारतीत गेला, खिडकीबाहेर रस्ता आणि फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक, एक गोरं कुटुंब कायमचं हसत उभं, आणि पहिल्या चाचणीतच तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. शेफाली किती समंजस झाली, असं बाई पालकसभेत म्हणाल्या.

"शेफे, ए शेफे! येतीस का?" खालून आबांची हाक. "आवस हाय आज."

आज अमावास्या आहे, हे ती विसरलीच होती. आबांचा गुडघा हल्ली दुखतो, कुणीतरी बरोबर लागतं. लॅपटॉप मिटून तिने बटण खिशात टाकलं — का, कोण जाणे — आणि खाली आली. आबांच्या हातात नारळाची पिशवी. शाळा काही लांब नाही, गल्ली संपली की कंपाउंडची भिंत लागते. रविवारची दुपार, कार्तिकातलं मऊ ऊन, रस्त्यावर कुणी नाही; आबा गुडघ्याला जपत चाललेले आणि शेफाली त्यांच्या चालीने, अर्धं पाऊल मागे, लहानपणी पाटाच्या कडेने चालायची तशी.

रखवालदाराने आबांना रामराम घातला. पार्किंगच्या कोपऱ्यात म्हसोबा बसला आहे, शेंदूर लावलेला गुडघाभर दगड, आणि शाळेने त्याच्याभोवती पिवळ्या पट्ट्या मारून त्याला रीतसर एका गाडीची जागा दिली आहे. त्याच्या एका बाजूला व्हाइस-प्रिन्सिपल असं लिहिलंय, दुसऱ्या बाजूला बस क्रमांक दोन. आबा चपला काढून पट्टीच्या आत गेले. दगड पुसला, शेंदूर कालवायला बसले. या कामाला ते कधीच घाई करत नाहीत.

शेफाली कट्ट्यावर बसली. आणि तिथे, उन्हात, मान खाली घालून फोनवर लिहायला लागल्यावर ते एकाएकी आलं — सकाळपासून अडलेलं, सरसर आलं. दोन वर्षं त्या वर्गात माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या जागा बदलायच्या, माझी कधीच नाही. मी विचारलं नाही, कारण विसरल्या गेलेल्या माणसाने विचारायचं नसतं. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते मूल खिडकीबाहेर पाहतं... लिहिताना तिचे डोळे भरून आले, आणि बरं वाटलं, फार बरं वाटलं. अखेर आपल्यालाही एक दुःख होतं, खरंखुरं, स्वतःचं. तिने ते निकिता मॅडमना पाठवलं. उत्तर लगेच आलं, व्हॉइस मेसेजमध्ये, आणि तिने फोन कानाशी धरला: "शेफाली! हेच! अगं हेच तर हवं होतं मला! एक शब्द बदलू नकोस. घरी जा आणि सबमिट कर."

"काय लिवतीयास मघापासनं?" आबांनी शेंदूर लावता लावता विचारलं.

"कॉलेजचं आहे, आबा. ते विचारतात, आठवी-नववीत मार्क का कमी पडले."

आबांचा हात थांबला. "आं? कमी पडलं व्हतं व्हय? मला कुनी सांगितलं न्हाय."

"तुम्हाला कशाला सांगतील..."

"आसू दे. आता पडत्यात न्हवं चांगलं?" त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि इमारतीकडे पाहिलं. पहिला मजला, कोपऱ्यापासून दुसरी खिडकी. बोट बरोबर तिच्यावर. "तिथं बसायचीस न्हवं तू?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हंजी? म्याच तर सांगितलं व्हतं." आबांनी बोटावरचा शेंदूर दगडाच्या कडेला पुसला. "त्या मोठ्या सायबाला. म्हनलं, दुसरं काय मागनं न्हाय, पोरगी तेवढी हिरीकडच्या खिडकीशी बसवा. नवी शाळा, परकी पोरं, येकटी पडंल. आपली हिर समूर आसली म्हंजी करमंल तिला. बुजीवली आसली तरी जागा तर दिसती. आन् हलवू नका म्हनलं तिथनं, कायबी झालं तरी. लई भला मानूस. लगीच बाईंना बोलावून सांगितलं त्यानं." मग जरा थांबून, "आवसंला आलो का म्या पयलं वर बघायचो. दिसायचीस तू. हिरीकडंच बघत बसलेली आसायचीस. मनात म्हनायचो, झ्याक झालं. रमली पोर."

शेफाली त्या खिडकीकडे पाहत राहिली. काचेत फक्त आभाळ होतं. तू बस, तू तिथेच... बाईंचा तो आवाज तिने किती वेळा ऐकला होता मनात, आणि दर वेळी तो कोरडा होता, यादीवरून नजर न उचलता बोललेला. आणि आता तोच आवाज, तेच शब्द, पण त्यांच्यामागे धोतर-टोपीतला एक म्हातारा ऑफिसात खुर्चीच्या कडेला बसलेला, हात जोडून, पोरीला हलवू नका म्हणणारा... दर महिन्याला दप्तरं उचलली जायची, अख्खा वर्ग इकडचा तिकडे व्हायचा, आणि एक बाक तेवढा कुणीतरी घट्ट धरून ठेवलेला. त्या बाकावर बसून ती दोन वर्षं समजत होती की आपल्याला कुणी धरलेलंच नाही.

"करमलं न्हवं तुला तिथं?" आबांनी विचारलं. साधंच विचारलं, नारळाची शेंडी सोलता सोलता.

आणि भयंकर गोष्ट ही, की करमलं होतं. इतकं करमलं होतं की क्ष ची किंमत काढायला कधी वेळच झाला नाही. तिला एकाएकी आठवलं, ती तिथे रडत नव्हती. हसत होती, पाटातलं पाणी ऐकून, स्वतःशीच... मग हे मघाचं दुःख कुणाचं होतं? मघाशी इतकं बरं वाटलं ते कशामुळे? आबांना ती सांगू शकत होती — आबा, त्या खिडकीनेच मला बुडवलं. ते खरंही होतं. आणि मग पुढच्या प्रत्येक अमावास्येला ते वर बघताना काय बघतील?

"करमलं," ती म्हणाली. "खूप करमलं, आबा."

"मग झालं तर." त्यांनी नारळ फोडला. पाणी दगडावरून पिवळ्या पट्टीपर्यंत गेलं आणि डांबरावर पसरलं, मुरायला जागा नाही म्हणून तसंच राहिलं.

फोनवर तिचा मजकूर अजून उघडाच होता. दोन वर्षं त्या वर्गात माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सुंदर वाक्य. मॅडम म्हणाल्या तसं, एक शब्द बदलू नये असं. तिने ते पुन्हा वाचलं आणि दुसऱ्याच कुणा मुलीचं वाटलं, तिच्या शेजारी महिनाभर बसून उठून गेलेल्या. हे पाठवलं तर बोलावतील, हे तिला कळत होतं. आणि दुसरं काय लिहायचं, हे कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की मी इतके दिवस शोधत होते ते कारण माझ्यावर रागावलेलं नव्हतं, मला विसरलेलं नव्हतं, ते इथेच धोतर सावरत खाली वाकून खोबऱ्याचे तुकडे वेचत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. अजून थोडा वेळ होता.

खिशात हात गेला, तर बटण. तिने नकळत दाबलं. टक्.

लहानपणी आबा तिला उचलून स्टार्टरपाशी धरायचे आणि ती हिरवं दाबायची, आणि लगेच ओरडायची, येत नाही, पाणी येत नाही! कारण पाईप लांबवर गेलेला होता. मोटार घुमायला लागायची आणि पाण्याचा पत्ता नसायचा.

त्या टक् आवाजावर आबांनी मान वळवूनही पाहिलं नाही. खोबरं वेचता वेचता, जुन्या सवयीने, दुसऱ्या कुठल्या तरी वर्षातून बोलावं तसे म्हणाले, "थांब. येतंय."

शेफाली फोन हातात धरून थांबली, कोर्टावरच्या त्या पांढऱ्या वर्तुळाच्या जरा अलीकडे बघत.